बांधावरचा साग : लागवड, निगा आणि थोडा हिशेब



गळीत हंगाम आवरत आला, टोळ्या गावाकडे निघाल्या, की आमच्या शेतकी खात्याकडे ऊस सोडून इतर चौकशा घेऊन येणाऱ्या सभासदांची वर्दळ वाढते. यंदा त्यात मोठी चौकशी आहे ती सागाची. परवा एका गट कार्यालयात एक जुने सभासद आले. हातात रंगीत कागद. म्हणाले, "साहेब, दोन एकर खोडवा मोडतो अन् साग लावतो. पोरगा म्हणतोय, सात वर्षांत झाडं विकायला येतात. रोपं घरपोच, पैसे मात्र आधी."

आम्ही म्हटले, "तात्या, बसा. चहा घ्या. मग बोलू."

तात्यांशी जे बोललो तेच इथे सविस्तर लिहीत आहोत. आम्ही काही वनखात्याचे नव्हे, उसाचे माणूस. पण आमच्या घरच्या बांधावर साग आहे आणि त्याच्यापायी आम्ही शहाणे होण्याआधी दोनदा फसलो आहोत. तेही लपवत नाही.

पहिल्यांदा फसलो ते १९९५ साली. आम्ही तेव्हा नववीत होतो. त्या काळात सागाच्या योजनांचे पेव फुटले होते. अमुक रुपये भरा, आमच्या जमिनीत तुमच्या नावाची झाडे लावू, वीस वर्षांनी लाखो रुपये घ्या, अशी बोलणी. वडिलांनी उसाच्या शेवटच्या बिलातून पैसे भरले. बदल्यात जाड कागदावर छापलेले, सोनेरी कडेचे प्रमाणपत्र आले. झाडे कुणी पाहिली नाहीत. दोन-तीन वर्षांत कचेरीला कुलूप लागले. अशा योजनांना आवर घालण्यासाठी सेबीने १९९९ साली सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम काढले, पण तोवर पुष्कळांचे बुडून गेले होते. ते प्रमाणपत्र आईने कपाटात अजून ठेवले आहे. वडिलांनी मात्र रागाने एक चांगली गोष्ट केली. दुसऱ्या वर्षी मृगात वनखात्याच्या रोपवाटिकेतून ११० सागजड्या आणल्या आणि स्वतःच्या बांधावर लावल्या.

तेव्हा तात्यांना पहिले सांगणे हेच, की साग वाईट नाही. सागासारखे लाकूड नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी मलबारच्या सागाचे एक लढाऊ जहाज बांधले, त्याचे नाव ट्रिंकोमाली. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभे आहे. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या तुळया पाहा. वाडे पडले, तुळया काढून विकल्या जातात. आलापल्ली-बल्लारपूरकडच्या सागाला लाकूडबाजारात सी.पी. साग म्हणून वेगळा मान आहे. पण तो मान जंगलात पन्नास, साठ, ऐंशी वर्षे उभ्या राहिलेल्या झाडाच्या गाभ्याला आहे. सात वर्षांच्या झाडाला नव्हे.

हा गाभ्याचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण सगळा हिशेब इथेच आहे. सागाचा ओंडका कापला की मध्ये तपकिरी-पिवळसर गाभा दिसतो आणि त्याच्याभोवती फिकट पांढरे कडे. टिकाऊपणा, तेलकटपणा, वाळवीला दाद न देण्याचा गुण, हे सगळे गाभ्यात. पांढऱ्या कड्याला वाळवी आणि किडा दोन्ही लागतात. कोवळ्या झाडात पांढरेच जास्त. खत-पाण्याने झाड लवकर जाड करता येते, पण गाभा भरायला वर्षेच जावी लागतात. टिश्यूकल्चरची रोपे घेतली म्हणूनही यात फरक पडत नाही. सागाचे टिश्यूकल्चर म्हणजे परदेशी जादू नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी त्यावरचे काम १९८० सालीच प्रसिद्ध केले होते. चांगल्या निवडक झाडापासून केलेली रोपे एकसारखी व सरळ वाढतात, एवढा त्याचा खरा फायदा. सात वर्षांत इमारती लाकूड होईल असे जो सांगतो, त्याने वासे म्हणायचे आणि चुकून तुळया म्हणाला, असे समजावे.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. ज्या जमिनीत ऊस नीट येतो ती ऊस काढून सागाला देऊ नये. उसाचे बिल दरवर्षी येते, सोसायटीचे कर्ज त्यावर फिटते. साग एकदाच पैसे देतो, तेही वीस-पंचवीस वर्षांनी. मधली वर्षे घर कशावर चालवायचे? सागाची जागा बांधावर, विहिरीच्या कडेच्या मुरमाड तुकड्यावर, वस्तीच्या रस्त्यालगत. तिथे तो घरच्या ठेवीसारखा वाढतो.

जमीन कोणती

सागाला निचरा पाहिजे. बाकी सगळे चालते, पण पायात पाणी साचलेले चालत नाही. नदीकाठची पोयट्याची, खोल, खाली मुरूम असलेली मध्यम जमीन उत्तम. चुनखडीचा अंश असला तरी त्याला मानवतो. जड काळ्या, पावसाळ्यात चिकट आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या रानात तो रडतो. चोपण झालेल्या जमिनीत तर लावूच नये. अशा बांधावर करंज लावावा, बाभूळ लावावी, ती तग धरतात.

आमची दुसरी फसवणूक इथे झाली, आणि ती आमची आम्हीच केली. वडिलांनी ११० पैकी जवळजवळ निम्म्या जड्या पाटाच्या कडेच्या खालच्या बांधावर लावल्या. विचार असा, की उसाचे पाणी झिरपून आयतेच मिळेल. दोन वर्षे झाडे हिरवीगार होती. तिसऱ्या पावसाळ्यानंतर शेंडे वाळायला लागले. उपटून पाहिले तर मुळे काळी, कुजलेली. तिथली ३८ झाडे गेली. वरच्या मुरमाड बांधावरची, ज्यांना आम्ही उन्हाळ्यात घागरीने पाणी घालत होतो, ती आज उभी आहेत.

दिशा आणि शेजारी

सागाला ऊन लागते आणि उसालाही ऊनच लागते, त्यामुळे बांध निवडताना सावलीचा विचार आधी करावा. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे सावली उत्तरेला पडते. तेव्हा शेताच्या उत्तरेकडच्या बांधावर साग लावला तर आपल्या उसाला त्याचा त्रास सर्वांत कमी. पण मग सावली कुणाच्या रानात जाते? शेजाऱ्याच्या! बांधाच्या वितभर जमिनीवरून कोर्टात गेलेली घराणी आपल्या कार्यक्षेत्रात काही थोडी नाहीत, त्यात आणखी एक कारण नको. उत्तरेला रस्ता, ओढा किंवा पडीक असेल तर निर्धास्त लावावा. शेजाऱ्याचे रान असेल तर आधी त्याच्याशी बोलावे, दोघांनी मिळून ठरवावे, आणि सामाईक बांधाच्या मधोमध न लावता आपल्या हद्दीत दोन-तीन फूट आत घ्यावा. नाहीतर वीस वर्षांनी झाड कुणाचे हा प्रश्न उभा राहतो, आणि तोपर्यंत बोलणी करणारी दोन्ही म्हातारी माणसे गेलेली असतात.

विजेच्या तारांखाली लावू नये. शेताच्या तोंडाशी, जिथून गाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली आत येते, तिथे जागा मोकळी सोडावी. आता ऊसतोडणी यंत्रेही येऊ लागली आहेत. यंत्राला वळायला रुंद जागा लागते. चारी बांध झाडांनी बंद केले तर यंत्रवाला शेतात उतरत नाही, आणि मग तोडीसाठी आमच्याच नावाने बोटे मोडली जातात.

जडी, रोप आणि बी

सागाचे बी म्हणजे कठीण कवचाचे फळ. आत एक ते तीन दाणे असतात, पण कवच फुटता फुटत नाही. ही अडचण फार जुनी. केरळात निलंबूरला मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी १८४० नंतरच्या दशकात सागाची लागवड आरंभली, तेव्हा बी उगवेचना म्हणून सुरुवातीला अपयशच पदरी पडले. पुढे चातू मेनन या हाताखालच्या अधिकाऱ्याने रोपे तयार करण्याचे तंत्र बसवले. त्या लागवडीतली झाडे चालियार नदीकाठी आजही राखून ठेवली आहेत, ती पाहायला लोक जातात.

घरी बी टाकायचेच असेल तर ते पोत्यात भरून रात्री पाण्यात भिजवावे, दिवसा उन्हात पसरावे, असे आठ-पंधरा दिवस करावे, मग गादीवाफ्यावर पेरावे. तरीही उगवण थोडी आणि मागेपुढे होते. आमचे सांगणे, या भानगडीत न पडता सागजडी आणावी.

जडी म्हणजे, ज्याला रोपवाटिकेतले लोक स्टंप म्हणतात ती. वर्षभराचे रोप उपटून वरचा शेंडा दोन-तीन सेंटीमीटर ठेवून छाटतात, खालचे सोटमूळ १५ ते २० सेंटीमीटर ठेवतात, बाजूची मुळे काढून टाकतात. दिसायला वाळक्या गाजरासारखी. अंगठ्याएवढी जाड असावी. करंगळीएवढी असेल तर घेऊ नये, बोंगाडी जाडही घेऊ नये. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणावी आणि शक्य तो दुसऱ्याच दिवशी लावावी.

पहिला दमदार पाऊस झाला, जमीन वितभर ओली झाली, की लागवड करावी. उन्हाळ्यात दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डे घेऊन तापू द्यावेत. त्यात माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा आपल्या कारखान्याचे कुजवलेले प्रेसमड घालून भरावे. 'कुजवलेले' हा शब्द महत्त्वाचा. ताजे, गरम प्रेसमड घातले तर जडी भाजते आणि वाळवीला आमंत्रण जाते. पहारीने भोक पाडून जडी सरळ सोडावी, मूळ-खोडाची जोड जमिनीच्या बरोबर राहावी, आणि पायाने माती घट्ट दाबावी. आत पोकळी राहिली की जडी सुकते. दोन झाडांत ८ ते १० फूट अंतर ठेवावे. मधे वासे काढून घ्यायचे असतील तर ५ फुटांवर लावून आठ-दहा वर्षांनी एक आड एक झाड काढता येते. पण तेव्हा हात चालत नाही, असा अनुभव आहे. आपण लावलेले झाड मोडवत नाही, आणि मग सगळीच बारीक राहतात.

पहिली पाच वर्षे

जडीला दोन-तीन कोंब फुटतात. वीतभर झाले की त्यातला सरळ, जोमदार एक ठेवून बाकीचे खुडून टाकावेत. हे न केल्यामुळे झुडूप झालेले साग आम्ही कितीतरी बांधांवर पाहतो.

पहिली दोन वर्षे बुंध्याभोवती तण ठेवू नये. हरळी व कुंदा यांच्यापुढे कोवळा साग टिकत नाही. उसाला खत टाकताना एक मूठ मिश्रखत झाडाभोवती आळे करून द्यावे, अधिक नको. पाणी पहिले दोन-तीन उन्हाळे, पंधरवड्याने. उसाच्या पाळीबरोबर दर वेळी पाणी पाजले तर झाड उंच, सडपातळ होते आणि वळवाच्या वाऱ्याने वाकते. अशा झाडाला बांबूचा आधार द्यावा लागतो.

बगलफांद्या कोवळ्या असतानाच काढाव्यात. मोठ्या झाल्या तर करवतीने, खोडालगत, साल न सोलता. कुऱ्हाडीने मारलेला घाव आत कुजतो आणि पुढे फळीत गाठ व भोक होऊन दिसतो. मात्र पानांचा पसारा एकदम कमी करू नये. खालच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत खोड स्वच्छ, वर पसारा, असे प्रमाण ठेवावे.

जनावरे सागाची खरखरीत पाने सहसा खात नाहीत, हा मोठा फायदा. पण अंग घासतात, तुडवतात. तोडणीच्या वेळी गाडीचे बैल रोपाला बांधले जातात. कोयतेवाल्या मंडळींना आधी सांगून ठेवावे, ऐकतात.

आणि आग. पाचट जाळू नका, असे आम्ही उसासाठी वर्षानुवर्षे सांगत आहोत, आता सागासाठीही सांगतो. १९९९ साली आमच्या शेजारच्या फडात पाचट पेटवले, वारा फिरला, आणि आमच्या वरच्या बांधावरची पंधरा-सोळा झाडे होरपळली. साग चिवट, बुडख्यातून पुन्हा फुटतो, त्यातली काही फुटलीही. पण भाजलेल्या बाजूची साल फाटून खोड पोकळ होत जाते. ती झाडे आजही उभी आहेत, किंमत मात्र जळणाची.

हुमणी, अळ्या, बांडगूळ

हुमणीची ओळख उसवाल्याला करून द्यायला नको. हीच हुमणी सागाच्या रोपवाटिकेत मुळे खाते. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे बाहेर पडतात आणि बाभूळ-कडुनिंबावर बसतात. त्याच वेळी फांद्या हलवून, खाली पडलेले गोळा करून रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्यात टाकावेत, प्रकाशसापळे लावावेत. एका रात्रीचे काम उसाला आणि सागाला दोघांना उपयोगी पडते.

मोठ्या झाडावर दोन अळ्या येतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळी पाने फस्त करणारी एक, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात पानाच्या शिरा ठेवून जाळी करणारी दुसरी. पाने गेली म्हणून झाड मरत नाही, त्यामुळे कुणी लक्ष देत नाही. पण नुकसान होते. निलंबूरच्या कोवळ्या लागवडीत केरळच्या वन संशोधन संस्थेने मोजणी केली, तेव्हा पाने खाणाऱ्या अळीमुळे लाकडाची होऊ शकणारी वाढ ४४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्याचा निकाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. हाताला पोहोचते तोवर अळ्या वेचाव्यात, जास्त असतील तर बीटी या जीवाणूची फवारणी करावी. उंच झाडावर विषारी औषधे उडवण्याचा उद्योग करू नये, ते खाली आपल्याच डोक्यावर येते.

बांडगूळ दिसले की फांदीसह कापून टाकावे. 'हिरवं आहे, राहू दे' म्हणू नये. ते सागाच्या जिवावर हिरवे असते.

झाडे मोठी झाली, की बांधालगतच्या दोन-तीन सऱ्यांतला ऊस मागे पडतो. हे होणारच, ते धरून चालावे. दर दोन वर्षांनी झाडापासून तीन-चार फुटांवर, उसाच्या बाजूने, दोन फूट खोल चर मारून आडवी मुळे तोडली तर पुष्कळ फरक पडतो. एक सोय अशी, की साग उन्हाळ्याच्या तोंडी पाने गाळतो, त्यामुळे सुरू उसाच्या उगवणीच्या दिवसांत सावली विरळ असते. गळलेली पाने पाचटाबरोबर सरीत कुजू द्यावीत.

कागद आणि माप

आता जे तात्यांना सर्वांत नवे वाटले ते. साग आपला, बांध आपला, तरी तोड आपल्या मर्जीने करता येत नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग आहे. तोडीआधी परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक पास लागतो. म्हणून झाडे लावली त्याच वर्षी त्यांची नोंद सात-बारावर करून घ्यावी. आता ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवता येतात, मुलाला सांगितले तर दहा मिनिटांचे काम. आमच्या वडिलांनी नोंद केली नव्हती. २०२१ साली बहिणीच्या मुलीचे लग्न निघाले, बारा झाडे विकायची ठरली, आणि झाडे आपलीच आहेत हे सिद्ध करण्यात पंचनामे, जबाब आणि हेलपाटे यांत लग्न होऊन गेले. झाडे त्यानंतर तुटली. लग्नाला शेवटी पतसंस्थेचे कर्ज काढावे लागले.

परवाना हातात नसताना कुणाकडून आगाऊ रक्कम घेऊ नये. आणि उभे झाड नजरेच्या अंदाजाने विकू नये. व्यापारी बांधावरून चक्कर मारतो आणि 'सगळ्याचे इतके' म्हणतो. त्याची नजर वीस वर्षांची आणि आपण पहिल्यांदाच विकतोय, हे लक्षात असावे. घरच्या टेपने मोजावे. रीत सोपी आहे. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर घ्यावा, त्याचा चौथा भाग काढावा, त्याला त्यानेच गुणावे आणि लांबीने गुणावे. समजा घेर ३६ इंच, लांबी १० फूट. चौथाई ९ इंच, म्हणजे पाऊण फूट. पाऊण गुणिले पाऊण, ०.५६. गुणिले १०, म्हणजे साडेपाच घनफुटांहून थोडे अधिक. आणखी एक गोष्ट, या चौथाई घेराच्या मापात प्रत्यक्ष लाकडाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजले जाते. बाजाराची रूढी तशीच आहे, त्यावरून भांडून उपयोग नाही. पण सौदा करताना माहीत असलेले बरे.

आमच्या बारा झाडांत सर्वांत जाड झाडाचा घेर छातीच्या उंचीवर ४२ इंच भरला, तर त्याच वर्षी, त्याच बांधावर, पण चिकट मातीच्या टोकाला लावलेल्या झाडाचा १९ इंच. पंचवीस वर्षांचा फरक तो एवढा. तोडलेल्या बुडख्यांना पहिल्याच पावसात फुटवे आले. प्रत्येकावर एक ठेवला आहे. जुन्या मुळांवरचा फुटवा नव्या जडीपेक्षा झपाट्याने वाढतो, खोडव्यासारखेच म्हणा ना.

तात्यांनी चहा संपवला, रंगीत कागदाची घडी करून खिशात घातली आणि विचारले, "मग खोडवा ठेवू म्हणता?"

"ठेवा. आणि उत्तरेला तुमचा ओढ्याचा बांध आहे, तिथं साठ जड्या बसतील."

"साठ कशाला, सत्तर बसतील," तात्या म्हणाले. बांध त्यांचा आहे, त्यांना माहीत.

ज्या सभासदांना यंदा मृगात सागजड्या हव्या असतील त्यांनी आपली मागणी ३१ मेपूर्वी आपल्या गट कार्यालयात नोंदवावी, म्हणजे रोपवाटिकेतून एकत्र आणण्याची सोय शेतकी खात्यामार्फत करता येईल. नाव देताना सात-बाराचा उतारा आणि कोणत्या बांधावर लावणार तो गट नंबर सोबत आणावा. बांध पाटालगतचा असेल तर आधी आमचा कर्मचारी येऊन जागा पाहील, त्याशिवाय जड्या दिल्या जाणार नाहीत.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते